सुषमाचा उजवा कान

सुषमा गेल्याचा फोन आला तेव्हा आमचे हे गच्चीवर उन्हात पेपर वाचत होते आणि मी खाली मटार सोलत होते. फोन निधीचा होता. निधी म्हणजे सुषमाच्या हाताखाली शिकणारी डॉक्टर, दिल्लीचीच मुलगी. "आंटी, मैडम नहीं रहीं," एवढं बोलून ती थांबली… मग म्हणाली, "अंकल से बात करवा दीजिए. मैडम की जो इच्छा थी, उसके लिए." मी जिना चढून वर गेले आणि ह्यांच्या हातात फोन दिला. बहीण गेल्याचं त्यांनी उभं राहून ऐकलं. पुढचं ऐकल्यावर मात्र "नहीं. बिल्कुल नहीं," म्हणाले, फोन मला परत दिला आणि पेपरची घडी घालायला लागले. घडी काही नीट पडेना.

सुषमा माझी धाकटी नणंद. लग्न तिनं केलं नाही, म्हणून भाऊच जवळचा. तिची इच्छा अशी होती की ती गेल्यावर तिच्या दोन्ही कानांची आतली हाडं काढून घ्यावीत आणि मग तिला जाळावं. त्याला भावाची सही लागत होती, आणि त्याच दिवशी लागत होती. महिन्याभरापूर्वी दवाखान्यात तिनं हे स्वतः ह्यांना सांगितलं होतं. हे तेव्हा तिच्यासाठी मोसंबं सोलत होते, ते सोलतच राहिले. ऐकलं की नाही, ते त्यांनी कळू दिलं नाही. तीही पुन्हा बोलली नाही. वाचणाऱ्याला हे भलतंच वाटेल, म्हणून आधीपासून सांगते.

माझी सासू गेली तेव्हा सुषमा अगदी लहान होती. ह्यांना दिल्लीत सरकारी नोकरी लागलेली, नवी नवी. भंडाऱ्याकडच्या गावाहून ते बहिणीला घेऊन आले, आणि आमच्या दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघांचे तीन झालो. पहाडगंजला मराठी शाळा आहे, तिथं तिचं नाव घातलं. मी तिला बसनं सोडायला जायची आणि आणायला जायची. मी चौथी शिकलेली. ती चौथी पास झाली तेव्हा आमचं दोघींचं शिक्षण सारखं झालं. त्यानंतर ती पुढे गेली आणि मी आहे तिथंच राहिले. तिला एक खोड होती. धडा वाचला की स्वयंपाकघरात येऊन तो मला सांगायचा आणि विचारायचं, "कळलं का वहिनी?" कळलं म्हटलं की ती खेळायला पळायची आणि मला कांदे चिरून द्यायला कोणी उरायचं नाही, म्हणून मी पुष्कळदा नाही म्हणायची. मग ती पुन्हा सांगायची, आणखी सोपं करून. पुढं ती डॉक्टर झाली, एक्स-रे आणि सीटीच्या फोटोंमधली झाली, परदेशात जाऊन भाषणं करून आली, तरी ही खोड गेली नाही. कुठं बोलायचं असलं की आदल्या रविवारी गाज़ियाबादला आमच्याकडे यायची, ओट्याला टेकून उभी राहायची आणि सगळं मला ऐकवायची. मी मान हलवली नाही तर म्हणायची, "अभी कच्चा है." तिचं मराठी असंच होतं, निम्मं हिंदी. मला "यार वहिनी" म्हणायची. मी सांगायची, मी तुझी यार नाही, भावजय आहे. तिला फरक पडायचा नाही.

माझी चक्कर सुरू झाली ती चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत. आम्ही बौद्ध माणसं, दरवर्षी मिरवणुकीला जायचो. त्या वर्षी ढोलवाले अगदी आमच्या जवळ आले. ढोल वाजला तसा समोरचा रस्ता वर गेला आणि खाली आला. प्रत्येक ठोक्याला जग हलत होतं, म्हणून मीही डोलायला लागले आणि शेवटी पडले. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका बाईनं मला हात जोडले आणि म्हणाली, "माता आई है." ह्यांना मी पडल्याचं तेवढं लागलं नाही जेवढं ते हात जोडल्याचं लागलं. ज्या घरानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देवदेव सोडला, अंगात येणं सोडलं, त्या घरची बाई बाबासाहेबांच्या मिरवणुकीत ढोलावर घुमते आणि लोक पाया पडतात. घरी आल्यावर हे म्हणाले, "पुढच्या वर्षी तू घरीच राहा." मी राहिले. त्या वर्षी राहिले, पुढंही राहिले. कुकरची शिट्टी झाली तरी ओटा हलायचा. जेवताना चावल्याचा आवाज डोक्यात घुमायचा. आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले की मला ते ऐकू यायचे. कोरड्या पाटीवर बोट घासावं तसे. असं सांगणाऱ्या बाईला लोक कुठं नेतात ते मला माहीत होतं. आमच्या जुन्या गल्लीत मांत्रिक होता आणि शहरात वेड्यांचा दवाखाना होता, मला दोन्हीकडे जायचं नव्हतं.

सुषमाला कसं कळलं, तर ती एकदा जेवायला बसली होती आणि कुकर वाजला. तिनं माझ्याकडे नाही, माझ्या डोळ्यांकडे बघितलं. "वहिनी, शिट्टी झाली की तुझे डोळे फिरतात, पता है?" मी म्हटलं, फिरतात ते मला ऐकूही येतात. बोलून गेले आणि वाटलं, झालं, आता ही हसणार. ती हसली नाही. जेवण तसंच ठेवून उठली. पुढच्या वेळी आली ती दोन दातांचा एक लोखंडी काटा घेऊन. तो गुडघ्यावर आपटून वाजवला आणि माझ्या पायाच्या घोट्यावर टेकवला. विचारलं, "कुठं ऐकू येतंय?" मी म्हटलं, कानात, उजव्या. वाजतंय पायात आणि ऐकू येतंय कानात. ती जमिनीवर बसली होती, तशीच बसून राहिली… म्हणाली, "चक्कर-चक्करमध्ये फरक असतो वहिनी. तुझी डोक्यातली नाही. हाडातली आहे."

मग तिनं मला त्या गोल मशीनमध्ये घातलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, काही नाही, वय झालंय. सुषमानं तेच फोटो पुन्हा वेगळ्या दिशेनं कापून काढले. ते कसं, तर मला तिनं कणकेवर दाखवलं. हळद घालून पिवळ्या कणकेचं एक कडं केलं, ते पांढऱ्या कणकेच्या गोळ्यात तिरकं उभं करून लपवलं आणि दोऱ्यानं गोळा कापला. सरळ कापला तर कापावर दोन पिवळे ठिपके दिसले, कडं कुठंच नाही. कड्याच्या अंगानं कापला तेव्हा पूर्ण कडं दिसलं. म्हणाली, कानाच्या आत अशी तीन कडी असतात, पाण्यानं भरलेली. माणूस फिरला की पाणी हलतं, त्यावरून शरीराला कळतं आपण फिरलो. सगळ्यात वरच्या कड्यावर हाडाचं छत असतं. तुझं छत एका जागी फाटलंय, म्हणून आवाज आत शिरला की पाणी हलतं आणि तुला वाटतं जग फिरलं. "ना माता है, ना कमजोरी. छिद्र आहे." मी म्हटलं, हे तुझ्या भावाला सांग. तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं, कणकेसकट. हे ऐकत राहिले. पुढच्या एप्रिलला म्हणाले, "चल, कापूस घालून ये कानात." एवढंच. मी गेले. ऑपरेशन असतं म्हणे, पण ते कवटी उघडून करतात. मी म्हटलं, राहू दे, कुकर बदलते. तिनं मला शिट्टी नसलेलं जाड बुडाचं पातेलं आणून दिलं.

इथवर ऐकलं की लोकांना वाटतं सुषमा फोटोवर खूश असेल. उलट झालं. माझ्यानंतर पुष्कळ चक्करवाले तिच्याकडे येऊ लागले, आणि त्यांत मुरादनगरचा एक दर्जी होता. त्याच्या फोटोत छिद्र दिसलं, तसं सुषमानं लिहून दिलं. दुसऱ्या एका दवाखान्यात त्याचं ऑपरेशन झालं. कवटी उघडली तर छत होतं. पातळ होतं, पण होतं. तरी त्यांनी जे करायचं ते केलं आणि त्या कानानं त्याला ऐकू येईनासं झालं. चक्कर गेलीच नाही, ती भलत्याच कारणानं येत होती. तो माणूस तिच्याशी भांडला नाही. मिठाईचा डबा घेऊन तिला भेटायला आला आणि म्हणाला, "डॉक्टर साहिबा, चक्कर तो वही है. बस एक कान कम हो गया." त्यानं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली. तो डबा तिनं आमच्याकडे आणून ठेवला, स्वतः खाल्ला नाही. हे मात्र खात होते. त्यांना ती गोष्ट सांगितली तेव्हा हातातला पेढा त्यांनी खाली ठेवला.

मी तिला विचारलं, फोटो खोटं कसं बोलला. ती म्हणाली, खोटं नाही, जाड बोलला. मशीन जेवढा काप काढतं, त्याहून ते हाड पातळ असतं. पातेलंभर वरणात थेंबभर तूप घातलं तर कोणाला दिसतं? नाहीच घातलं म्हणतात. तसं पातळ हाड आजूबाजूच्यात मिसळतं आणि छिद्र दिसतं. फोटोत दिसलेलं छिद्र कधी खरं आणि कधी नुसतं पातळ, हे ठरवायचं तर तेच हाड हातात घेऊन बघायला पाहिजे. एक बारीक मशीन आहे, एक्स-रेचंच, त्यात केसाहून पातळ काप निघतात. पण जिवंत माणसाला तेवढा एक्स-रे देता येत नाही, आणि डोकं त्यात मावतही नाही. म्हणजे जिवंतपणी ज्याचा फोटो काढलाय, त्यानंच मेल्यावर हाड द्यायला हवं. दोन्ही शेजारी ठेवले तरच कळतं.

आता असं हाड कोण देतो. लोक डोळे देतात, आजकाल अख्खं शरीरही देतात. पण दुःखाच्या घरात जाऊन कानाचं हाड मागणं म्हणजे शिव्या खाणं. सुषमानं खाल्ल्या. एका घरी मुलानं तिला दारातूनच हाकललं, "कबाड़ी हो क्या?" म्हणाला. ती खाली रिक्षात बसून मला फोन करून हसत होती, आणि हसू थांबेना तेव्हा मी फोन ठेवून दिला. कोणी कोणी दिलीही, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्यांनी. मी माझी देईन असं सांगून ठेवलं होतं. माझं काय, मेल्यावर मला कुठं ढोल ऐकायचाय. पण सुषमाला माझ्याहून जास्त कामाचे होते तिचे स्वतःचे कान. तिनं फार पूर्वी मशीन तपासायला म्हणून स्वतःचा सीटी काढला होता. तिला कधी चक्कर नाही, काही नाही, जत्रेतल्या पाळण्यात बसून वर बघत गाणं म्हणणारी बाई. आणि फोटोत तिच्या दोन्ही कानांच्या छताला छिद्र दिसत होतं, उजव्याला मोठं. "मला काही होत नाही, म्हणजे छत असणार," ती म्हणायची. "पण असणार म्हणून काय होतं. दिसलं पाहिजे." हे ती अशी सांगायची जसं काही दुसऱ्या कोणाच्या कानाबद्दल सांगतेय. वयानं मी आधी जायची, ती नंतर, म्हणून मला त्यात दुःख वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. पुढचं सगळ्यांच्या घरी घडतं तसंच घडलं, ते लिहीत नाही. तिचे रिपोर्ट तिलाच वाचता येत होते, हे मात्र वाईट. दुसऱ्याला थोडी तरी आशा असते, कळत नाही म्हणून. तिनं स्वतःचा फोटो उजेडाकडे धरला, बघितला आणि पाकिटात परत घातला. मी विचारलं, काय दिसतंय? म्हणाली, "हा डाग पातळ नाही वहिनी. हा खरा आहे." शेवटच्या भेटीत तिला बोलवत नव्हतं. मी पाय चोळत बसले. तिनं फक्त एवढं विचारलं, "दादा?" मी म्हटलं, बघते. तिनं डोळे मिटले.

तर त्या दिवशी आम्ही टॅक्सीनं दवाखान्यात गेलो. रस्ताभर हे खिडकीबाहेर बघत होते. तिला एका खोलीत ठेवलं होतं, डोक्याला रुमाल बांधलेला, केस औषधांनी गेले होते. ह्यांनी रुमाल सारखा केला आणि बाहेर येऊन बाकावर बसले. निधी समोर उभी. तिनं डॉक्टरी भाषेत समजावायला सुरुवात केली. मी तिला म्हटलं, तू थांब.

"तिचं डोकं कापतील," हे म्हणाले.

"डोकं नाही. कानाच्या आतलं हाड. लिंबाएवढं असतं. तोंडाला हात लावत नाहीत, बाहेरून काही दिसत नाही."

"तुला काय ठाऊक?"

"माझ्यासाठी विचारून ठेवलंय."

ह्यांनी खोलीच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "आई गेली तेव्हा मी हिला गावाहून आणली. अख्खी आणली होती. अख्खीच पाठवणार."

"अख्खी ती उरलीय कुठं? पोटातलं निम्मं काढलं, तेव्हा तुम्हीच सही केली होती."

"ती वाचावी म्हणून केली होती."

मी त्यांच्याशेजारी बसले. कोणाचा तरी चहा आला, तो तसाच गार झाला. मी म्हटलं, "लोकांच्या दारात जाऊन तिनं मागितलं. लोक तिला कबाडी म्हणाले. आता तिच्याच घरानं नाही म्हटलं तर तिनं दुसऱ्यांकडे कोणत्या तोंडानं मागितलं होतं?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन्ही कशाला पाहिजेत? एकानं नाही भागत?" भाजीवाल्याशी बोलावं तसं बोलले. निधीनं माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हटलं, "एक ही लेना."

"तो फिर दायाँ," निधी म्हणाली. उजवा, मोठ्या छिद्राचा.

ह्यांनी सही केली. "डावा तिच्याजवळ राहू द्या," म्हणाले. घाटावर आम्ही गेलो, त्रिशरण पंचशील झालं. हे तिच्या डाव्या बाजूला उभे होते. शेवटी वाकून त्या कानाशी काहीतरी बोलले. काय ते मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात निधीचा फोन आला, फोटो तयार आहेत म्हणून. हे म्हणाले मी येऊन काय करू, आणि माझ्याबरोबर आले. बाहेर बसतो म्हणाले, आणि आत आले. सुषमा काम करायची ती खोली मी पहिल्यांदाच बघितली. खिडक्यांना काळा कागद, दोन मोठे पडदे, एक खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर तिचा करडा स्वेटर. अंधारात मला नीट उभं राहवत नाही, म्हणून मी टेबल धरून उभी राहिले. निधीनं डाव्या पडद्यावर जिवंतपणीचा फोटो लावला. काळं कडं, भोवती पांढरी रेघ, आणि वरच्या बाजूला ती रेघ तुटलेली. मग उजव्या पडद्यावर हाडाचा फोटो आला. तेच कडं, पण आता इतकं स्पष्ट की काचेवर कोरलंय असं वाटावं. वरची रेघ तुटलेली नव्हती. कांद्याच्या पापुद्र्यासारखी बारीक, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मैडम कहती थीं, छत होगी," निधी म्हणाली. "है."

हे पुढे झाले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे तिच्या कानाला काही झालं नव्हतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "ठणठणीत होता."

त्यांनी मान हलवली. आणखी काही दाखवायचंय का, असं त्यांनी निधीला विचारलं. तिनं जरा थांबून डाव्या कानाचा फोटो लावला. त्यातही रेघ वर तुटलेली होती, थोडीशीच. उजवा पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. हे त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं अजून येतंय.

"इसका?" त्यांनी विचारलं.

"इसका नहीं है अंकल," निधी हळूच म्हणाली. "एक ही था."

हे माझ्याकडे वळले आणि मराठीत विचारलं, "दोन्ही द्यायला पाहिजे होते का गं?"

निधीला मराठी येत नाही, पण विचारलं काय ते तिला कळलं असावं. ती खाली बघू लागली. मी नाही म्हणू शकले असते. सुषमा गेली, कान गेला, आता नाही म्हटल्यानं कोणाचं काय गेलं असतं. पण तिची खोली होती ती.

"हो," मी म्हटलं.

हे तिच्या खुर्चीवर बसले. सुषमा बुटकी, म्हणून खुर्ची तिनं उंच करून घेतलेली. त्यांचे गुडघे टेबलाच्या कडेला लागले. निधी पटकन वाकली आणि खुर्ची खाली करायला खालचा दांडा शोधू लागली.

"वैसी ही रहने दो बेटा," हे म्हणाले, आणि गुडघे तिरके करून तसेच बसून राहिले.